मालकाचा फोटो

केदारखेड्याच्या दैवशालाच्या नर्सरीत मिरचीची रोपं न्यायला येणारा प्रत्येक माणूस गाडी स्टँडवर लावता लावता एकच प्रश्न विचारायचा, "मालक कुठं हायेत?"

दैवशाला समोरच उभी असायची. हातात झारी, नखांत माती. "मीच," ती म्हणायची. माणूस हसायचा आणि तिच्या खांद्यावरून पलीकडं बघायचा. पलीकडून तिचे वडील, कारभारी अण्णा, सवयीनं पुढं यायचे. "बोला, काय पाहिजे?" झालं. मालक सापडले.

खरं तर बी.एस्सी. झाल्यावर बियाणं निवडण्यापासून रोपांच्या मुळ्या तपासण्यापर्यंत सगळं तिनंच उभं केलं होतं. पण जमीन अण्णांच्या नावावर, म्हणून शेडनेटचं अनुदानही त्यांच्याच नावावर, म्हणून अनुदानाच्या फाइलसाठी शेडसमोर काढलेल्या फोटोतसुद्धा अण्णाच. शेवटी तिनं ठरवलं, रस्त्यावर बोर्ड लावायचा, मोबाइलवर नर्सरीचं पान काढायचं आणि दोन्हीकडं स्वतःचा चेहरा चांगला मोठा टाकायचा.

स्टुडिओत जायची तिची तयारी नव्हती. वाढदिवसाच्या बॅनरवर तिथल्या फोटोवाल्यानं भुजंगमामांना इतकं गोरं केलं होतं की मामींनी विचारलं होतं, "हे कोण पाव्हणे?" त्यापेक्षा घरचा मोबाइल बरा, आणि बटण दाबायला अण्णा.

पहिला फोटो शेडमध्ये काढला. ऊन जाळीतून गाळून येतं, सावल्या मऊ पडतात, म्हणजे चेहरा छान येणार असा तिचा हिशेब होता. फोटो बघून तिची आई सगुणाबाई म्हणाली, "अगं माय! तू तर पार कारलं दिसू राह्यली."

दैवशालानं कपाळावर हात मारला. जाळी हिरवी, म्हणजे खाली येणारा उजेडही हिरवाच! रोज तिथं वावरून डोळ्यांना सवय झाली होती, मोबाइलला नव्हती.

मग सगळे बाहेर, पत्र्याच्या खोलीच्या सावलीत आले. आता रंग बरोबर, पण चेहऱ्याची एक बाजू अंधारात. दैवशालानं आईला घासलेली परात घेऊन उन्हात उभं केलं. आईनं परात फिरवली आणि अण्णा ओरडले, "अरे, नाक पेटलं!"

खोलगट परात सगळं ऊन गोळा करून तिच्या नाकावर ओतत होती. "आई, थांब, थांब!" डोळे चोळत दैवशाला गेली आणि टरबुजाच्या वेलांवर अंथरतात त्या पांढऱ्या, कापडासारख्या क्रॉप कव्हरचा तुकडा आणून तिनं परातीवर ताणून बांधला. आता परतणारा उजेड पसरट झाला, गालावर दुधासारखा अलगद आला. ती स्वतःवरच खूश झाली.

पण अण्णा एकेक पाऊल मागं सरकत चालले होते.

"अण्णा, कुठं निघालात?"

"पाय येऊन न्हाई राह्यले."

"पाय कशाला पाहिजेत?"

"वा! साहेबानं मला काय सांगितल्तं? लाभार्थी पूर्ण दिसला पाहिजे, मागं शेड पूर्ण दिसलं पाहिजे, मंगच फाइल पुढं जाते. पायाबिगर फोटो म्हणजे काय पासपोर्ट हाये?"

फोटोत शेड अगदी झकास आलं होतं. त्यापुढं उभी असलेली दैवशाला म्हणजे कुणीतरी विसरलेला खुंटा.

तिनं टोमॅटोचे दोन कॅरेट एकावर एक ठेवले, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं मोबाइल वरच्या कॅरेटला आवळून बांधला आणि अण्णांना दाखवलं, "इथं चेहऱ्यावर बोट ठेवायचं. चेहरा उजळला की मंग बटण." आता अण्णा सरकले असते तरी मोबाइल सरकणार नव्हता. अण्णांना ते बोटाचं काम भलतंच आवडलं. एक डोळा मिटून ते कॅरेटपुढं उकिडवे बसले.

"तयार?" अण्णांनी विचारलं.

आणि तयार म्हटल्याबरोबर दैवशालाचे दोन्ही हात आपोआप मांड्यांना चिकटले, श्वास कोंडला, मान ताठ झाली.

"हिचीच फाइल जाऊन राह्यली," परातीमागून आई म्हणाली.

तेवढ्यात पिंपळगाव रेणुकाईचे संपतराव मोटरसायकलवरून उतरले. उन्हाळी मिरची लावायची होती, चांगली रोपं शोधत आले होते. थेट कॅरेटपाशी येऊन उभे राहिले. "रामराम! मालक कुठं हायेत?"

दैवशालाचा कोंडलेला श्वास तसाच राहिला. आता अण्णा उठणार आणि "बोला" म्हणणार, हे तिला पाठ होतं.

अण्णांनी मान वर केली नाही. "ह्या काय समोर उभ्या हायेत. अन् जरा सरका तिकडं, तुमच्या सावलीनं मालकाचा गाल काळा होऊ राह्यला."

संपतराव दचकून बाजूला झाले. दैवशाला इतकी मोकळी हसली की अण्णांनी घाईनं बटण दाबलं. तो फोटो हललेला आला. सावलीत मोबाइलला वेळ लागतो आणि हसणाऱ्या माणसाला दम नसतो. पण आता हात मांड्यांना चिकटेनात. पुढच्या फोटोत ती सरळ मोबाइलकडं बघत होती, हनुवटी थोडी खाली, आणि दोन्ही गालांवर सारखा उजेड होता.

"हा बोर्डावर जाणार," ती म्हणाली आणि संपतरावांकडं वळली. ट्रेमधून एक रोप अलगद उपटून त्यांच्यापुढं धरलं. "मुळ्या बघा काका. पांढऱ्या अन् मातीला घट्ट धरून. पिवळी मुळी दिसली तर घेऊच नका."

संपतरावांनी चष्मा वर करून मुळ्या बघितल्या, रोप उलटसुलट केलं, मान हलवली. मग सवयीनं अण्णांच्या कानाशी वाकले. "कारभारी, एखादा ट्रे वरून फुकट द्यायला सांगा ना."

कॅरेटपुढून अण्णांनी मोबाइलच्या काचेवर फुंकर मारली, धोतराच्या सोग्यानं ती पुसली.

"मला काय विचारता? मी तर फोटोवाला हाये."