नवी डिस्क कोरीच

माझा दादा कुणाचं ऐकेल तर शपथ! वहिनीच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर त्याने सकाळी स्वतःच लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि तेव्हापासून कॉम्प्युटर गोगलगायीलाही लाजवेल असा चालत होता.

“अगं, वेगवान अशा नव्या डिस्कवर टाकलंय. तुलाच कळत नाही,” दादा माझ्यावर डाफरला.

त्याला बाजूला सारून मी आतल्या नव्या-जुन्या दोन्ही डिस्क तपासल्या. नवी डिस्क कोरी करकरीत होती. लिनक्स जुन्या, संथ डिस्कवर जाऊन बसलं होतं आणि बसताना त्याने तिच्यावरचं सगळं पुसून टाकलं होतं.

तेवढ्यात वहिनीने दारातून डोकावलं. “अहो, कालच्या लग्नाचे फोटो मी जुन्या डिस्कवर ठेवलेत. तेवढे काढून द्या, नवरीची आई बाहेर बसलीये.”