पुलावरची वरात

"मावशे, जरा डावीकडं सरक. तोंडावर उजेड पायजे," शिवा म्हणाला आणि गोजराबाईंच्या पडवीतली वाळत घातलेली लुगडी त्याने स्वतःच बाजूला केली. त्याची मुलगी रंजिता मोबाइल धरून उभी होती.

शिवाची नोकरी गोदामातली, पण गावात ओळख डायरेक्टर म्हणून. त्याने तीन सिनेमे काढले, तेही सीडीवर. जत्रेत खपले आणि लोक विसरले. गाणीही तोच लिही. त्यातलं वाशीच्या पुलावरून येणाऱ्या वरातीचं गाणं तेवढं टिकलं. आता ते कुणी नव्याने गायलं, लाखो लोकांनी पाहिलं, आणि खाली लिहिलं होतं, 'गीत: पारंपरिक'. ते शिवाच्या फार जिव्हारी लागलं. वही उधाणाच्या पाण्यात गेलेली, सीडी कुणाकडेच नाही. कंपनीने कळवलं, पहिल्या गायिकेने कॅमेऱ्यासमोर सांगितलं तर तुमचं नाव टाकू.

पहिली गायिका म्हणजे या गोजराबाई. लग्नात धवले गाणाऱ्या. अक्षरओळख नाही, म्हणून शिवाने आठ दिवस समोर बसून एकेक ओळ त्यांच्याकडून घोकून घेतली होती.

"धवल्याआधी शिकवणाऱ्याचं नाव घेतेस ना, तसंच घे," तो म्हणाला.

गोजराबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "माजे आजीचा गाना हाय यो. मिठागरावं तिनीच शिकवला मना." आणि त्या गाऊ लागल्या.

"अगं आजी, पण तेव्हा वाशीचा पूल तरी..." रंजिता बोलणार तोच शिवाने तिचा हात दाबला.

एका प्रश्नाचं काम होतं. पूल व्हायच्या आधीच आपली आजी गेली, हे गोजराबाईंनीच त्याला कधीतरी सांगितलं होतं. विचारलं असतं तर म्हातारीला सगळं आठवलं असतं. पण मिठागर भरावाखाली गेलं होतं, आजीचा साधा फोटोही नव्हता, आणि गाताना म्हातारीचा चेहरा असा उजळला होता, की तसा चेहरा शिवाला तिन्ही सिनेमांत एकदाही मिळाला नव्हता. त्याला वाईट वाटलं, खूप वाटलं. तरी त्याने तिला गाणं पुरतं गाऊ दिलं.

"बरा झाला का रं शिवा? का परत गावू?"

"नको मावशे. एकदम ओके. आजीचं नाव काय तुज्या? लिवायला लागंल."

"सोनाबाय."

शिवाने रंजिताचा मोबाइल घेतला, चष्मा वर सरकवला आणि व्हिडिओखाली एका बोटाने लिहिलं, 'गीत: सोनाबाय'. मग त्याच्या खाली लिहिलं, 'दिग्दर्शन: शिवा'.