बिनधुराची आगटी

नंदीशने शेवटच्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसला आणि तळातला कोळसा उपसून जमिनीवर टाकला.

"वर कोळसा, खाली माती, असं करतात लोक."

"आमी न्हाय करत," वैजयंती म्हणाली.

"सगळेच असं म्हणतात."

सोलापूरहून आलेला हा तपासनीस सकाळपासून तिच्याकडे चोर सापडल्यासारखा बघत होता. बचत गटातल्या अकरा बायकांनी तुराट्या भट्टीत जाळून, वेळेवर पाणी मारून हा कोळसा केला होता. तो शेणखतात कालवून मातीत घातला, की तेवढा कार्बन जमिनीत गाडल्याचा दाखला आणि त्यावर गटाला पैसे मिळणार होते. दाखला हुकला तर भट्टी उचलून नातेपुत्याच्या गटाला जाणार, आणि त्या दिवसाची वाट बघणारे गावात कमी नव्हते.

"चाळीस पोती. भरली," नंदीश नाइलाजाने म्हणाला. "पण यातलं घमेलंभर जरी कुणी जाळलं तरी सगळी खेप बाद. जळलं की सगळं परत हवेत."

"म्हाईत हाय. बायकास्नी बजावून ठिवलंय."

बायकांना बजावलं होतं. सासऱ्याला नव्हतं. चुलीसाठी रचलेली तुराट्यांची गंज तिने भट्टीला दिली, तेव्हापासून चार महिने कुंडलिक तिच्याशी बोलला नव्हता. काही हवं असलं तर भिंतीला सांगायचा. तीही काही कमी नव्हती. भाकरी वाढायची, पण ताट आपटून.

आधीचा कोळसा रानात घातला होता, तो बघायला दोघं गेली. नंदीशने सहा ठिकाणी खणायला लावलं, दर वेळी तोंड वाकडं केलं. परत आली तेव्हा ज्वारीच्या कडेला कुंडलिकने आगटी पेटवली होती.

"बसा साहेब. हुरड्याच्या दिसांत रानातनं कोण उपाशी जात न्हाय."

वैजयंती उभीच राहिली. म्हाताऱ्याच्या पोटात काय आहे, तिला कळेना.

कुंडलिकने निखाऱ्यात खोचलेली कणसं काढली, हातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि ऊन ऊन दाणे नंदीशच्या ओंजळीत ओतले. नंदीशने दोन घास खाल्ले आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला. मग त्याचा जबडा थांबला. तो आगटीवर वाकला.

"आजोबा, यात गोवऱ्या नाहीत?"

"गोवऱ्यांचा धूर तुमच्या डोळ्यात गेला आस्ता की. त्या चाळिसातलं एक पोतं रिकामं केलं." कुंडलिकने पटका सारखा केला. "सगळ्या पंचक्रोशीत असला कोळसा न्हाय, साहेब. माजी सून करती. लिवा तुमच्या कागदात."

नंदीशने उरलेला हुरडा खाली ठेवला, हात पुसले आणि पेन काढलं. तो बराच वेळ लिहीत राहिला.

चार महिन्यांच्या शिव्या वैजयंतीच्या जिभेवर आल्या. त्या अकरा जणींना ती कोणत्या तोंडाने सांगणार होती? कुंडलिकने दुसरं कणीस चोळलं आणि मूठ तिच्यापुढे धरली.

"घे की. निवंल न्हायतर."

ती खाली बसली. तिने ओंजळ पुढे केली.

"काय लिवाय लागल्यात गं साहेब?" त्याने हळूच विचारलं.

"तुमी सांगितलं त्येच, मामा," ती म्हणाली.