घंटीचा साचा आणि शेजारची स्प्रिंग

मित्रांनो, सायकलची घंटी तुम्ही नक्कीच वाजवली असेल. तिची गोल, चकचकीत वाटी ज्या लोखंडी साच्यातून जन्माला येते, तो साचा म्हणजे मी. आता म्हातारा झालोय, पाठीवर गंज चढलाय. पण माझ्या आतून बोट फिरवून बघा, कुठे अडणार नाही. याला गर्व म्हणा हवं तर. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे उरली आहे.

भोसरीच्या एमआयडीसीत, एका अरुंद गल्लीत करीमभाईंचा छोटा कारखाना आहे. त्यांनीच मला घडवलं. पोलादाचा ठोकळा लेथवर चढवला, आतून कोरला, भट्टीत तापवून तेलात बुडवला आणि मग हाताने घासत बसले. त्यांची लेक जमिला तेव्हा लहान होती. ती कंटाळून विचारायची, "अब्बा, अजून किती घासणार?"

"वाटीत तुझं तोंड दिसेपर्यंत, बेटा," ते म्हणायचे.

मग मला प्रेसमध्ये बसवलं. पत्रा ठेवायचा, वरून प्रेस आदळायची की माझ्या पोटातून वाटी तयार. माझ्या घंट्या खेडपासून नाशिकपर्यंत गेल्या. एकदा बाहेर पडलेली वाटी मला पुन्हा कधी दिसली नाही, पण गल्लीतून एखादी सायकल वाजत गेली की मी मनात म्हणायचो, ही आपलीच.

पण नुसती वाटी म्हणजे घंटी नव्हे. आत एक बारीक स्प्रिंग लागते. अंगठ्याने दाबलेला खटका तीच जागेवर आणते. ती नसेल तर घंटी मुकी. या स्प्रिंगा आमचा शेजारी कोंडीराम करायचा. त्याचा गाळा आमच्या भिंतीला लागूनच होता. खंडेनवमीला तो झेंडूच्या दोन माळा आणायचा, एक स्वतःच्या मशीनला आणि एक मला. बाकी वर्षभर त्याचं मशीन पलीकडे खटखट करायचं आणि मी अलीकडे धाडधाड. त्या मशीनला मी कधी पाहिलं नाही, पण त्याच्याइतका जवळचा सोबती मला दुसरा नव्हता.

जमिला शिकली, हिंजवडीला नोकरीला लागली. कंपनीची कॅब तिला गल्लीच्या तोंडाशी सोडायची. एके दिवशी तिने वडिलांना मोबाइल दाखवला. चीनमधली एक अवाढव्य कंपनी. तिला दुकान नाही, गल्ला नाही, पाटी नाही. हजारो कारखान्यांचा माल ती पडद्यावर मांडते आणि जगभर पोचवते. अमेरिकेतल्या बड्या बड्या दुकानदारांनाही तिने घाम फोडलाय, असं जमिला कौतुकाने सांगत होती.

"अब्बा, ही बघा तुमची स्प्रिंग. निम्म्या भावात."

"सारखीच आहे का?"

"मापं तर तीच लिहिलीत."

"मग मागव."

करीमभाई वाईट माणूस नाही, मित्रांनो. पत्रा महागला होता, विजेचं बिल वाढलं होतं. चार पैसे वाचले तर कोणाला नको असतात? स्प्रिंगा आल्या आणि खरंच चांगल्या निघाल्या. कोंडीराम दारात येऊन विचारायचा, "करीमभाई, यंदा आर्डर न्हाई व्हय?" करीमभाई नजर चुकवून म्हणायचे, "सध्या स्टॉक पडलाय भाऊ. सांगतो."

त्यांनी कधी सांगितलं नाही. मग एका सकाळी पलीकडून खटखट आलीच नाही. मी वाट पाहिली. करीमभाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "आज डोक्याला कसं शांत वाटतंय."

मला ती शांतता खायला उठली होती. पण साच्याला विचारतो कोण?

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात, तसं झालं. वर्षभरात त्याच पडद्यावर अख्खी घंटी आली. आमचा नुसता पत्रा ज्या भावात पडायचा, त्या भावात तयार घंटी! नाशिकचे व्यापारी गेले, मग पुण्याचे गेले. करीमभाईंनी मला प्रेसमधून काढलं, तेल लावून फडताळात ठेवलं. पुढे तेलही लावेनासे झाले. फडताळात खूप एकटं वाटतं, मित्रांनो. धूळ बसते आणि कोणी हात लावत नाही.

या उन्हाळ्यात मात्र राजगुरुनगरच्या सुमनताई आल्या. त्यांचं सायकलचं दुकान आहे. खुर्चीवर बसायच्या आधीच त्या बोलल्या, "करीमभाऊ, त्या बाहेरच्या घंट्यांचा खटका चार महिन्यांत अडकतो. शाळेतल्या मुलींच्या सायकलींचं काम मिळालंय मला. घंट्या तुमच्याच हव्यात. पण शाळा उघडायच्या आत द्या."

त्या गेल्यावर करीमभाई जमिलाला म्हणाले, "हे काम झालं तर कारखाना चालेल. नाही झालं तर प्रेस भंगारात जाईल."

त्यांनी मला पुसलं, प्रेसमध्ये चढवलं. पहिली वाटी काढली. तीत त्यांचं तोंड दिसलं आणि ते हसले. मला रडू आलं असतं, जर साच्याला रडता येत असतं.

आता स्प्रिंगा हव्या होत्या. जमिलाने पडद्यावर विचारलं. उत्तर आलं, सुट्या स्प्रिंगा बंद केल्या आहेत, अख्खी घंटी घ्या. करीमभाई चाकणला गेले. तिथले स्प्रिंगवाले मोटारींच्या कामात बुडालेले, एवढ्याशा ऑर्डरकडे कोण बघतो? शेवटी त्यांनी कोंडीरामला बोलावलं. तो आला तो सिक्युरिटीच्या निळ्या गणवेशात.

"कोंडीरामभाऊ, स्प्रिंगा हव्यात. तुमच्याच, जुन्या मापाच्या. मागाल तो भाव देतो."

"आता कशाच्या स्प्रिंगा? मशीन कवाच भंगारात घातली. पिंपळे सौदागरला सोसायटीच्या गेटावर असतो आमी. हातात शिट्टी हाय फकस्त."

"अहो, विकताना मला एका शब्दाने सांगायचं तरी!"

कोंडीरामने आमच्या सामाईक भिंतीकडे पाहिलं. "भितीला भित व्हती आपली, करीमभाई. आवाज बंद पडला, ते तुमाला कळलं न्हाई व्हय?"

चहा आला, दोघांनी तो प्यायला. ड्युटीची वेळ झाली म्हणून कोंडीराम उठला. जाताना त्याने माझ्यावरून एकदा हात फिरवला.

सुमनताईंनी नाइलाजाने बाहेरच्याच घंट्या घेतल्या. काल भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि प्रेस घेऊन गेला. मी फडताळातच राहिलो. माझ्यासाठी टेम्पो उद्या पुन्हा येणार आहे.

मित्रांनो, स्वस्त वस्तू घेऊ नका असं मी म्हणत नाही. ज्याला त्याला आपला संसार असतो. एवढंच सांगतो, शेजारचा रोजचा आवाज एखाद्या सकाळी थांबला तर उठा, त्याचं दार वाजवा, काय झालं ते विचारा. आम्ही विचारलं नाही. आता माझाही आवाज बंद झालाय, आणि तो बंद झाला हे ओळखायला भिंतीपलीकडे कोणी नाही.