अनिसाच्या कबरीवरचा बिज्जू

वजीरभाईला बोलायची भारी हौस, पण ऐकणारं माणूस सव्वा वर्षापूर्वी गेलं. बायको अनिसा गेली आणि घोडेगावच्या वरच्या अंगाला असलेल्या त्याच्या घरात दिवसभर भांड्याला भांडंसुद्धा लागेना. आयुष्य कल्हई लावण्यात गेलेलं, आता तीही कुणाला नको. एकट्या माणसानं एकट्यासाठी किती चहा करायचा, सांगा राव.

प्रतीक्षाचं काम आलं म्हणून जरा तरी बरं झालं. प्रतीक्षा निरगुडसरची पोरगी, बिज्जू मोजणाऱ्या एका संस्थेत नोकरीला. बिज्जू म्हणजे कुत्र्याहून बुटकं जनावर. पोट काळं, पाठ चुना फासल्यागत पांढरी, आणि अंगात रग अशी की बिबट्याच्याही अंगावर जाईल. कायद्यानं त्याला वाघाच्या पंगतीला बसवलंय, पण गावात नाव काढलं की लोक थुंकतात. तो मढी उकरतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. दिसला की घाल काठी. दोन तालुक्यांत दोन वर्षं कॅमेरे बांधून प्रतीक्षाला पाचच जनावरं सापडली होती. त्यातली एक मादी कब्रस्तानामागच्या ओढ्यात राहायची, आणि यंदा तिला पिल्लू झालं होतं.

कब्रस्तानाच्या कडेच्या लिंबावर प्रतीक्षाचा कॅमेरा होता. हललेल्या प्रत्येक गोष्टीचा तो फोटो काढायचा. आठ दिवसांनी त्यातलं कार्ड बदलायचं, बॅटऱ्या बघायच्या, पायवाटेवर चाळलेली माती पसरून ठसे टिपायचे, हे वजीरभाईचं काम. तो ते जीव लावून करायचा.

आणि एका गुरुवारी सकाळी अनिसाचीच कबर पायाशी वीतभर उकरलेली दिसली.

वर्षभर ज्याची राखण केली ते आपल्याच घरावर आलं, असं वाटून वजीरभाईला रडू फुटलं. अनिसाचा धाकटा भाऊ मोईज हा जमातीचा कारभारी. तो आला, बघितलं आणि म्हणाला, "दुल्हेभाई, लई झालं. उद्या जुम्मा झाला की अंड्यात औषध घालून ओढ्याला ठेवतो. मला अडवू नका."

मोईज गेल्यावर वजीरभाई खड्ड्याशी बसला. बघतो तर खड्डा वरच्या खतापुरताच. खालची पिवळी माती जशीच्या तशी, तिला नखसुद्धा लागलेलं नव्हतं. खतात पांढऱ्या जाड अळ्या वळवळत होत्या, काही अर्ध्या खाल्लेल्या. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्यानं कपाळावर हात मारला.

नव्या कबरीवर बाभळीच्या काट्या टाकतात, ते बिज्जूसाठीच. चाळिसावा झाला तेव्हा त्या काट्या यानंच उचलून फेकल्या होत्या. का, तर अनिसाला टोचतील. मग तिथं सब्जा लावला. सब्जा धरेना म्हणून अलीकडे शेजारच्या खंडूच्या उकिरड्यातलं अर्धंकच्चं शेणखत घमेल्या-घमेल्यानं आणून घातलं, वर रोज पाणी. अळ्यांची अशी पंगत मांडल्यावर बिज्जू काय उपाशी जाणार होता?

तो मोईजकडे धावला. मोईज म्हणाला, "तुमी त्या जनावराच्या कामावर हाय. तुमी असंच बोलणार. खत घातल्याचं कुणी बघितलंय?"

बघितलं होतं. लिंबावरच्या कॅमेऱ्यानं. पण त्याच कॅमेऱ्यात बिज्जू वर्षात अकरा वेळा आला होता आणि वजीरभाई तीन हजार फोटोंत. प्रतीक्षाला त्यानं मागे हात जोडून सांगितलं होतं, "पोरी, माझं तेवढं पुसून टाक." ती म्हणाली होती, "चाचा, पुसता येत नाय. पण कुणाला दाखवणार नाय." तिनं शब्द पाळला होता.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीच्या अंगणात वजीरभाईनं बोलावलेल्या प्रतीक्षानं लॅपटॉप मांडला. बिज्जूचे फोटो दाखवले. लोक पुढं सरकले, पण तो अळ्यांसाठीच येतो हे कुणाला पटेना.

"उकरतोयच की," मोईज म्हणाला. "आमच्या बहिणीची कबर हाय ती."

वजीरभाईला ओढ्यातलं पिल्लू आठवलं. लाजेनं त्याचे कान तापले होते, पण तो उठला. "प्रतीक्षा, माझे फोटो लाव. सगळे."

तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि लावले. वजीरभाई घमेलं घेऊन येतोय. खत पसरतोय. पुढचा फोटो. थर्मास उघडतोय, दोन ग्लास भरतोय, एक कबरीच्या उशाशी ठेवतोय. हातवारे करून काहीतरी सांगतोय. हसतोय. कबरीशेजारी आडवा झालाय, गाल मातीला लावून. तारखा बदलत होत्या, माणूस तोच.

"बास कर पोरी," मोईज म्हणाला. "औषध ठेवत नाय मी. दुल्हेभाई, खत तेवढं काढा आणि काट्या टाका. एवढं एकटं व्हता तर घरी यायचं की."

मोईजनं तीन-चारदा जेवायला बोलावलंसुद्धा. वजीरभाई गेला, जेवला, पण त्या घरात सगळे त्याच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायचे. कब्रस्तानाच्या रस्त्यानं जाणारी बायामाणसं आता मान खाली घालून पाय उचलायची. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावणाऱ्या आदेशनं तर तिथून जाताना गाणंच बंद केलं, चाचा आत असतील म्हणून. चांगलीच होती माणसं, त्यांना नावं कशी ठेवायची?

खत काढून महिना झाला. कार्डात ती बिज्जूची मादी आणि तिच्यामागं तिचं पिल्लू आलं, धडधाकट, आईच्या शेपटीला तोंड लावून चाललेलं. प्रतीक्षानं फोनवर सांगितलं, "चाचा, तुमच्यामुळं वाचली ही दोघं." वजीरभाईला एवढा आनंद झाला की थर्मास घेऊन तो तडक कब्रस्तानात गेला. काट्यांच्या अलीकडे बसला. अनिसाला सांगायला तोंड उघडलं, आणि सगळं गाव ऐकतंय असं वाटून त्याला एक शब्द बोलता आला नाही.