तात्पुरती ओळ

आमच्या गेममध्ये मारामारी नाही, गाड्या पळवणं नाही. एक माणूस बऱ्याच वर्षांनी आपल्या गावात परत येतो आणि त्याला स्वतःचं घर सापडत नाही, एवढीच गोष्ट. खेळणाऱ्याने दुकानांच्या पाट्या वाचायच्या, भिंतींवरच्या खुणा ओळखायच्या आणि घर शोधायचं. असल्या खेळात पाट्याच धूसर दिसायला लागल्या तर त्याने काय हुंगत जायचं?

हे हुंगत जायचं वाक्य साहेबांचं. भर मीटिंगमध्ये त्यांनी ते पेंटरकाकांना ऐकवलं होतं, आणि सगळे हसले होते. मीही.

पेंटरकाकांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील फलक आले, हातचं काम गेलं, आणि पन्नाशी उलटल्यावर हा माणूस कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकला. आमच्या खेळातलं अख्खं गाव त्यांच्या हातचं. छत्रीवाल्याच्या दुकानावर त्यांनी लिहिलं होतं, ‘छत्र्या दुरुस्त होतील, पाऊस थांबवून मिळणार नाही.’ घड्याळजीच्या पाटीवर, ‘घड्याळ आमच्याकडे सोडा, वेळ तुमची तुम्ही बघा.’ जुन्या सवयीने प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात सही. पूर्वी ते नुसतं ‘पेंटर’ लिहायचे. मी त्यांच्या हाताखाली आल्यावर ‘पेंटर आणि शिष्य’ लिहायला लागले. मी म्हटलं, काका, मी तर फक्त विटा रंगवल्यात. ते म्हणाले, “विटांशिवाय पाटी कशावर टांगतोस?”

तर अशा माणसाचं काम धूसर दिसायला लागलं. कुणाच्याही कॉम्प्युटरवर खेळ लावा, पाट्यांवर अक्षरांऐवजी ओले डाग. काका म्हणायचे, “अरे, माझ्याकडे चित्र उघडलं की स्वच्छ दिसतंय.” त्यावर साहेब म्हणायचे, “तुम्हाला स्वच्छ दिसतंय हाच तर प्रॉब्लेम आहे.” मऊ लागलं की माणूस कोपराने खणतो. मग काकांच्या वयावर, चष्म्यावर, हाताच्या थरथरीवर रोज एक विनोद. काका घरी जाऊन त्याच पाट्या पुन्हा रंगवायचे, अक्षरं जाड करायचे, रंग गडद करायचे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं, तर काकांचा डॉक्टरवरचाच विश्वास उडाला. त्यांनी दुसरीकडून चष्मा केला, मग तिसरीकडून. चौथ्या महिन्यात त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. जाताना मला म्हणाले, “डोळे गेले रे माझे. तू सांभाळ गाव.”

साहेबांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. सगळ्या पाट्या नव्याने रंगव, खेळांच्या प्रदर्शनाला तीन महिने आहेत, जमलं तर विभागप्रमुख तूच. मी पहिली पाटी चांगली आठवडाभर रंगवली, खेळात घातली, लांबून चालत गेलो आणि पाहिली. ओला डाग.

काकांची पाटी धूसर दिसली तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत दोष दिसला होता. माझी दिसली तेव्हा मात्र मी अर्ध्या तासात मशीनकडे वळलो. माणूस स्वतःच्या बाबतीत किती चटकन हुशार होतो बघा.

काखेत कळसा होता. खेळाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ सापडली : सगळी चित्रं मूळच्या एक अष्टमांश आकारात उघडा. साहेबांचा लॅपटॉप जुनाट. त्यावर खेळ अडकत अडकत चालायचा आणि साहेब आमच्यावर भडकायचे. म्हणून एका सकाळी, त्यांना खेळ दाखवण्याआधी, कुणीतरी चित्रं लहान करून टाकली होती. खेळ लोण्यासारखा चालला, साहेब खूश झाले आणि ओळ तिथेच राहिली. तीच फाइल मग सगळ्यांच्या मशीनवर गेली. ओळीशेजारी टीप होती, ‘तात्पुरतं, संध्याकाळी काढणे.’ त्याखाली तारीख. त्याखाली माझं नाव.

मी विसरलो होतो हे खरं आहे. पण काका रोज बोलणी खात असताना मला एकदाही आठवलं नाही, हे विसरणं फार सोयीचं होतं, हेही खरंच.

ओळ खोडली आणि खेळ पुन्हा लावला. गाव लख्ख उभं राहिलं. भिंतीचे पोपडे, दारावरचे खिळे, छत्रीवाल्याच्या अक्षरांना सुटलेल्या शेपट्या, सगळं. कोपऱ्याकोपऱ्यात ‘पेंटर आणि शिष्य’. लाज वाटली म्हणणं कमी आहे, मला माझीच किळस आली.

तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

“अरे वा! आठवड्याभरात अख्खं गाव रंगवलंस?”

तोंड उघडलं होतं मी, खोटं नाही सांगत. पण बाहेर आलं ते एवढंच, “झालं एकदाचं.”

“याला म्हणतात नजर! आणि ती कोपऱ्यातली नावं काढून टाक बरं का. म्हातारा गेला, आता त्याच्या सह्या कशाला?”

दोनशे दहा सह्या पुसायला मला दोन दिवस लागले. प्रत्येक सहीत माझाही अर्धा वाटा होता, म्हणून आपण आपलंच नाव पुसतोय अशी मी समजूत घातली. तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखाचं पत्र हातात आलं. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी काकांकडे गेलो.

काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी बसले होते. टेबलावर तीन चष्मे आणि रंगांचं बंद खोकं. मी खेळ लावला. काका वाकून, चष्मा पुढेमागे करत बराच वेळ बघत राहिले.

“अक्षर अगदी माझ्यासारखं काढलंस रे,” ते म्हणाले. “शिकलास खरा.”

“काका, ते तुमचंच आहे. मी काही रंगवलं नाही.” मग मी सगळं सांगितलं. लॅपटॉप, ओळ, तारीख, नाव. काकूंनी चहा आणून ठेवला आणि तिथेच उभ्या राहून ऐकला माझा पराक्रम.

काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “म्हणजे डोळे चांगले आहेत माझे?”

“पहिल्यापासून चांगले होते.”

ते हसले. मला वाटलं, सुटलो. कप उचलला.

“हे ऑफिसात सांगितलंस?” काकूंनी विचारलं.

“सांगणार आहे. उद्याच सांगणार आहे, काकू.”

काका अजून पडद्याकडेच बघत होते, चष्म्याशिवाय, खुर्चीत मागे रेलून. मग त्यांनी हात लांब करून छत्रीवाल्याच्या पाटीच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“सांगणार होतास,” ते म्हणाले, “तर सही का पुसलीस?”

काकूंनी माझ्या हातातला कप काढून घेतला. चहा तसाच होता.