एका झारीत ऐंशी रोपे

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे सांगावी, असे तुम्हाला वाटत असेल. माझे मात्र डोके फिरलेले आहे, तेव्हा थोडे चालवून घ्या.

एका पत्रे ठोकणाऱ्या कारागिराने मला घडवले. माझ्या तोंडावरच्या चाळणीची भोके त्याने एकेक करून पाडली. "मालक, पाणी पडलेलं रोपाला कळायचंसुद्धा नाही," असे म्हणून त्याने मला एका माणसाच्या हाती दिले. त्या माणसाने नुकतीच लहानशी रोपवाटिका सुरू केली होती. पुढची बावीस वर्षे मी त्याच हातात होते.

मालकांचे माप माझ्यावर ठरलेले होते. हिरव्या जाळीच्या मांडवात एका झारीत रोपांच्या चाळीस पिशव्या. विकण्याआधी मात्र रोपे दहा दिवस बाहेर उन्हात ठेवायची, आणि तेव्हा एका झारीत ऐंशी. दुपारी ती माना टाकत. मालक बघत, पण मला उचलत नसत. ऊन उतरले की रोपे आपली आपण उभी राहत.

गिऱ्हाइके वैतागत. "अहो, समोर दिसतंय रोप, द्या की!"

"दिसतंय, पण अजून तयार नाही. दहा दिवसांनी या."

"रोप आहे का नवरी?"

"नवरी असती तर एव्हाना दिली असती," मालक म्हणत, आणि तरीही रोप देत नसत. काही जण रागावून जात ते जातच. पण जे परत येत, ते शेजाऱ्यालाही घेऊन येत. धंदा सावकाश वाढला आणि वाढला तेवढा टिकला.

मग मालक आजारी पडले, आणि गेले.

त्यांच्या मुलीने नोकरी सोडून रोपवाटिका हाती घेतली. पहिल्याच आठवड्यात तिने लांब रबरी पाइप आणला. मी खताच्या पोत्यांमागे गेले. तळाशी वाटीभर पाणी राहिले होते, ते कुणी ओतले नाही. गंज कसा चढतो, हे मला तिथे कळले.

पण त्याहून मोठा त्रास समोरचे बघण्याचा होता. एखादे पान जरा कलले की ती पाइप घेऊन धावे.

"ताई, सकाळीच पाणी झालंय," मालकांच्या वेळेपासूनचे माळीकाका सांगत.

"सुकलंय ते. दिसत नाही का तुम्हाला?"

रोपे चित्रातल्यासारखी हिरवीगार झाली आणि मांडवातून थेट गिऱ्हाइकांच्या गाडीत गेली. बाहेरचे ऊन त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती मरत. मी पोत्यांमागून ओरडत होते, पण झारीचे ओरडणे ऐकतो कोण?

शेवटी एका शाळेला दिलेली दोनशे रोपे आठवड्यात मरून गेली. मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या. "मुलांनी रोपांना नावं दिली होती हो. आता काय सांगू त्यांना?"

"दुसरी दोनशे देते. सोमवारी."

"तुमच्या वडिलांकडे बघून थांबतेय. पण ही शेवटची वेळ. पुन्हा असं झालं तर मी दुसरीकडे जाईन, आणि का गेले तेही सगळ्यांना सांगेन."

माळीकाकांनी हट्टाने ती दोनशे रोपे उन्हात काढली. दुपारी सगळ्यांनी माना टाकल्या. मुलगी पाइप ओढत आली. काकांनी पाइपवर पाय दिला.

"काका, पाय काढा."

"नाही काढत."

"बाग माझी आहे!"

"बाग तुझी, पण रोपं मेली तर नाव मालकांचं जाईल."

ती पाइप ओढत राहिली. मग एकदम थांबली. "शेवटचे आठ दिवस मी बाबांना चमच्याने मोजून पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले होते, जास्त द्यायचं नाही. ते मागायचे आणि मी नाही म्हणायचे. आता मला कुणालाच नाही म्हणायचं नाहीये."

काकांचा आवाज उतरला. पाय मात्र तिथेच होता.

"त्यांना नाही म्हणालीस ते बरोबरच होतं," ते म्हणाले. "ते उठले नाहीत, त्यात तुझी चूक नाही. ही उठतील. उन्हं उतरेपर्यंत थांब."

"नाही उठली तर?"

"तर पाइप मी धरतो."

ती एका उलट्या खोक्यावर बसली. हात मांडीवर, नजर रोपांवर. ऊन कलले, सावल्या लांबल्या, आणि एकेक मान वर येऊ लागली. अकरा रोपे उठली नाहीत. बाकी सगळी उठली. तिने ती दोनदा मोजली.

मग तिने पोत्यांमागून मला काढले, तळाचे घाण पाणी ओतले आणि ओढणीने मला पुसले. "बाबा यात किती पिशव्या करायचे?"

"बाहेर काढल्यावर ऐंशी."

तिने शाळेत फोन लावला. "बाई, सोमवारी जमणार नाही. दहा दिवस लागतील. घाईत दिली तर पुन्हा मरतील." पलीकडून बरेच ऐकून घ्यावे लागले. तिने ते ऐकून घेतले आणि तारीख बदलली नाही. अकराव्या दिवशी बाई गाडी घेऊन आल्या. चेहऱ्यावर आठ्या होत्या की हसू, ते मला ओळखता आले नाही. त्याला आता चार महिने झाले. शाळेतून तक्रार आलेली नाही.

मित्रांनो, रोपाला पाणी घालण्याआधी बोट मातीत घालून बघा. ओल लागली तर हात आवरा, रोप कितीही केविलवाणे दिसो. आणि काम झाले की झारी उपडी ठेवा. ही मुलगी ते अजून रोज विसरते, आणि माझा तळ गंजत चालला आहे.

दुपारी मात्र ती न चुकता येते. माना टाकलेल्या रोपांजवळ बसते आणि मला हात लावत नाही. तेवढ्यासाठी मी तिला गंज माफ केला आहे.